तरुण वयात मणक्याच्या हाडात होणाऱ्या साध्या गाठी: ऑपरेशन केव्हा आणि कसे?

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आईवडील समोर बसतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?" चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मणक्यात गाठ आहे म्हटल्यावर दुसरे काही सुचतही नाही. हा लेख अशा घरांसाठी आहे. मी परभणी जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे, मणक्याची ऑपरेशन्स मी करत नाही. पण ऑपरेशनआधी काय करायचे, कुठे जायचे, सर्जनला काय विचारायचे आणि घरी परतल्यावर काळजी कशी घ्यायची, हे प्रश्न शेवटी गावाजवळच्या डॉक्टरकडेच येतात.

सुरुवातीलाच दिलासा देतो. लहान मुले आणि तरुण यांच्या मणक्याच्या हाडात सुरू होणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच साध्या असतात, म्हणजे कॅन्सरच्या नसतात. त्यातल्या काहींना ऑपरेशन लागतच नाही. ज्यांना लागते त्यांच्यापैकी बहुतेक मुले पुन्हा शाळेत, शेतात आणि मैदानावर जातात. मात्र निदानाला उशीर झाला तर साधी गाठसुद्धा पाठ वाकडी करू शकते, पायाची ताकद घालवू शकते.

"साधी गाठ" म्हणजे काय?

साधी गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही. कॅन्सरची गाठ पसरते. मोठा फरक हाच. पण साधी म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ घेऊ नका. भिंतीच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप आठवा. ते दुसऱ्या घरात जात नाही, पण जागच्या जागी वाढून भिंत फोडते. वरवर कापले आणि मूळ राहिले तर पुन्हा उगवते. मणक्यातली साधी गाठ काहीशी अशीच वागते.

आपल्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात. त्याखाली त्रिकास्थी आणि माकडहाड असते. प्रत्येक मणक्याला पुढे एक जाड गोल भाग असतो आणि मागे हाडाची कमान असते. या दोन्हींच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि बाजूच्या फटींतून हातापायांच्या नसा बाहेर पडतात. जागा इतकी कमी असल्यामुळे एक-दोन सेंटिमीटरची गाठही त्रास देऊ शकते.

एक अनुभव

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. जिंतूर तालुक्यातला चौदा वर्षांचा एक मुलगा कंबरदुखीसाठी माझ्याकडे आला. सोयाबीनची पोती उचलल्यापासून दुखते, असे वडिलांचे म्हणणे होते. मी तपासले, उसण भरली असे समजून वेदनाशामक गोळ्या दिल्या. बरे वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार, पुन्हा गोळ्या. असे तीन महिने चालले. मधल्या काळात घरच्यांनी हाडवैद्याकडून चोळूनही घेतले.

चौथ्या वेळी आई म्हणाली, "दिवसा खेळतो, डॉक्टर. रात्री दोनला उठून बसतो. गोळी दिली की अर्ध्या तासात झोपतो, नाही दिली तर सकाळपर्यंत कण्हतो." हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते. मग शर्ट काढून त्याला पुढे वाकायला सांगितले. पाठ एका बाजूला स्पष्ट कललेली होती.

साध्या एक-रेमध्ये काही दिसले नव्हते. सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या एका मणक्याच्या मागच्या कमानीत सेंटिमीटरभर गोल गाठ दिसली. ती ऑस्टिऑइड ऑस्टिओमा होती. मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झाले. त्यानंतर टाके दुखत असतानाही तो रात्रभर झोपला, हे सांगायला वडिलांनी मुद्दाम फोन केला. वर्षभरात पाठ जवळजवळ सरळ झाली. तेव्हापासून पाठदुखीच्या प्रत्येक मुलाला मी रात्रीबद्दल आधी विचारतो.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

मुलांची पाठ अधूनमधून दुखते. जड दप्तर, खेळ, शेतातले काम अशी कारणे असतात आणि आठ-दहा दिवसांत दुखणे थांबते. पुढीलपैकी काही असेल तर मात्र डॉक्टरांना सविस्तर दाखवा.

- चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली किंवा वाढत जाणारी पाठदुखी, मानदुखी
- रात्री झोपेतून उठवणारे दुखणे
- वेदनाशामक गोळीने लगेच थांबणारे, पण दर वेळी परत येणारे दुखणे
- बोटाने नेमकी दाखवता येईल अशी एकच दुखरी जागा
- पाठ एका बाजूला कलणे, मान वाकडी राहणे, खांदे वरखाली दिसणे
- मुलाने आवडता खेळ स्वतःहून सोडून देणे
- ताप, वजन घटणे, भूक मंदावणे

थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या: पायात किंवा हातात ताकद कमी होणे, चालताना पाय अडखळणे, बधिरपणा वरवर चढत जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी संवेदना न कळणे. ही मज्जारज्जू किंवा नसा दबल्याची लक्षणे आहेत. दाब लवकर काढला तर ताकद परत येण्याची शक्यता जास्त असते. "उद्या सकाळी बघू" असे म्हणू नका, १०८ ला फोन करा.

तरुण वयातल्या नेहमीच्या साध्या गाठी

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. साधारण १० ते २५ वर्षे वयात आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसते. आकार बहुधा दीड ते दोन सेंटिमीटरच्या आतच राहतो. १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट हेन्री जॅफे यांनी हा स्वतंत्र आजार म्हणून पहिल्यांदा मांडला. गाठीच्या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात आणि तीच वेदना देतात. म्हणून ती रसायने अडवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे चटकन थांबते. दुखऱ्या बाजूचे स्नायू आखडल्यामुळे पाठ वाकते. ही गाठ कॅन्सरमध्ये बदलत नाही.

ऑस्टिओब्लास्टोमा. वरच्या गाठीची थोरली बहीणच म्हणा. आकार दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असतो आणि ती वाढत राहते. गोळ्यांनी तितकासा आराम पडत नाही. मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, त्यामुळे हिचा मुख्य उपाय ऑपरेशनच.

अॅन्युरिझमल बोन सिस्ट. हाडाच्या आत रक्ताने भरलेल्या पोकळ्या तयार होतात आणि हाड फुग्यासारखे फुगते. बहुतेक रुग्ण वीस वर्षांच्या आतले असतात. वाढ वेगाने होऊ शकते, कधी मणका मोडतो. काही वेळा दुसऱ्याच एखाद्या गाठीत अशा पोकळ्या तयार होतात आणि क्वचित एका प्रकारचा कॅन्सरही असाच दिसतो. म्हणून बायोप्सी महत्त्वाची.

जायंट सेल ट्यूमर. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर, बहुधा २० ते ४० या वयात होतो. कण्यात तो त्रिकास्थीत अधिक आढळतो. साध्या गाठींत हा सर्वांत हट्टी. थोड्या रुग्णांत छातीत छोट्या गाठी सापडतात, म्हणून छातीचा सीटी स्कॅनही करतात.

ऑस्टिओकाँड्रोमा. हाडावर कूर्चेची टोपी असलेला उंचवटा येतो. मुलाची उंची वाढायची थांबली की हाही बहुधा थांबतो. नस किंवा मज्जारज्जू दाबला जात असेल तरच काढतात. वाढ संपल्यानंतरही तो मोठा होत असेल किंवा दुखू लागला तर लगेच तपासावे.

इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा. दहा वर्षांखालच्या मुलांत जास्त दिसतो. मणका चपटा होऊन पापडासारखा दिसतो आणि एक्स-रे पाहून घरचे घाबरतात. पण एकच मणका असेल आणि नसांवर दाब नसेल तर पट्टा, विश्रांती आणि नियमित तपासणी यांवर तो बहुधा आपोआप भरत जातो. इतर हाडांत असेच काही आहे का हे मात्र पाहावे लागते.

हिमँजिओमा. रक्तवाहिन्यांची ही गाठ साधारण दहांतल्या एका माणसाच्या मणक्यात असते. दुसऱ्याच कारणाने केलेल्या एमआरआयमध्ये ती सापडते. बहुतेकांना कोणताही उपचार लागत नाही. रिपोर्टमध्ये हा शब्द वाचून झोप उडवून घेऊ नका.

टीबी की गाठ?

आपल्या भागात मणक्याचा टीबी बराच आढळतो. त्यामुळे मणक्यात काही दिसले की थेट टीबीची औषधे सुरू करण्याकडे कल असतो. टीबी असेल तर ही औषधे जीव वाचवतात, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण आजार गाठीचा असेल तर नऊ-बारा महिने चुकीच्या औषधांवर जातात आणि तेवढ्यात गाठ वाढते.

टीबीमध्ये बहुधा शेजारचे दोन मणके आणि त्यांमधली चकती खराब होते, आजूबाजूला पू साठतो, संध्याकाळी ताप येतो आणि वजन घटते. साध्या गाठीत बहुधा एकच मणका बिघडतो आणि चकती शाबूत राहते. हा नियम प्रत्येक वेळी लागू पडत नाही. म्हणून शक्य तिथे सुईने तुकडा काढून तो पॅथॉलॉजिस्टकडे आणि टीबीच्या सीबीनॅट तपासणीसाठी, दोन्हीकडे पाठवावा. "बायोप्सी न करता औषध का सुरू करायचे?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही. काही वेळा त्याला पटणारे उत्तर असते, ते ऐकून घ्या. औषधे आधीच सुरू असतील तर मनाने बंद करू नका.

कोणत्या तपासण्या लागतात?

- एक्स-रे: सुरुवात इथून होते. पण मणक्यातली लहान गाठ त्यात दिसेलच असे नाही. एक्स-रे नॉर्मल आला आणि रात्रीचे दुखणे चालूच राहिले, तर तपास थांबवू नये.
- एमआरआय: मज्जारज्जू आणि नसांवर दाब आहे का हे सर्वांत चांगले यात कळते.
- सीटी स्कॅन: हाडाची बारीक रचना दाखवतो. ऑस्टिऑइड ऑस्टिओमासाठी बारीक काप घेतलेला सीटी फार उपयोगी आहे. अशा गाठीभोवती सूज खूप असते, त्यामुळे नुसत्या एमआरआयवर कधी कधी दिशाभूल होते.
- बोन स्कॅन: दुखण्याची जागा सापडत नसेल किंवा इतर हाडांत गाठी आहेत का हे पाहायचे असेल तेव्हा.
- बायोप्सी: सीटीच्या मदतीने सुईने तुकडा काढतात. "सुई लावली की गाठ पसरते" हा गैरसमज आहे. मात्र सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवलेले चांगले, म्हणजे गरज पडल्यास तो मार्गही ऑपरेशनमध्ये काढता येतो. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा किंवा हिमँजिओमाचे चित्र अगदी स्पष्ट असेल तर आधी बायोप्सी लागत नाही.

सगळ्या फिल्म आणि सीडी एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा. मोठ्या रुग्णालयात नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, सर्जनला चित्रे स्वतः पाहायची असतात.

ऑपरेशन कधी करतात, कधी नाही?

सर्जन साध्या गाठींचे तीन प्रकार करतात: झोपलेली, हळूहळू वाढणारी आणि आक्रमक. झोपलेल्या गाठीवर नुसते लक्ष ठेवतात. ऑपरेशनचा विचार प्रामुख्याने पुढील कारणांसाठी होतो:

१. मज्जारज्जू किंवा नसांवर दाब आहे.
२. गाठ वाढते आहे, हाड पोखरते आहे किंवा मणका मोडायच्या बेतात आहे.
३. पाठ वाकते आहे.
४. औषधांनी दुखणे आटोक्यात येत नाही, किंवा रोज गोळ्या घ्याव्या लागतात.
५. निदान पक्के होत नाही.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा काही जणांत अनेक वर्षांनी आपोआप शांत होतो हे खरे आहे. पण तोपर्यंत रोज वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. शिवाय वाढत्या वयात पाठ वाकलेली राहिली तर बाक कायमचा होतो. दुखणे सुरू झाल्यापासून साधारण १५ महिन्यांच्या आत गाठ निघाली तर बहुतेक मुलांचा बाक सुधारतो, असा सर्जनांचा अनुभव आहे. म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहू नये. मुलांना मनाने अॅस्पिरिन तर देऊच नका. काही विषाणूजन्य तापांत त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते आणि डेंग्यूत रक्तस्राव वाढतो.

उपचाराचे मार्ग

सुईने गाठ जाळणे. याला रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही पद्धत वापरात आहे. भूल देऊन, सीटीच्या मदतीने सुई गाठीच्या गाभ्यात नेतात आणि तिचे टोक सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत काही मिनिटे तापवतात. मोठा छेद नाही, हाड काढावे लागत नाही, मूल एक-दोन दिवसांत घरी येते. पण गाठ मज्जारज्जू किंवा नसेला अगदी चिकटून असेल तर उष्णतेने इजा होऊ शकते. तिथे ऑपरेशन जास्त सुरक्षित ठरते. ही पद्धत मुख्यतः ऑस्टिऑइड ऑस्टिओमासाठी आहे.

गाठ खरवडून काढणे. छेद घेऊन गाठीपर्यंत पोचतात, ती आतून खरवडतात आणि कडेचे हाड वेगाने फिरणाऱ्या बारीक ड्रिलने घासतात. पिंपळाचे मूळ काढण्याचा प्रयत्न तो हाच. मणक्यातल्या बहुतेक साध्या गाठींसाठी हे पुरते. ऑस्टिओब्लास्टोमा, अॅन्युरिझमल सिस्ट यांत मात्र काही टक्के रुग्णांत गाठ परत येते.

गाठ अखंड काढणे. आक्रमक गाठीत, विशेषतः जायंट सेल ट्यूमरमध्ये, शक्य असेल तर गाठ न फोडता भोवतालच्या हाडासह काढतात. ती परत येण्याची शक्यता यात सर्वांत कमी असते, पण ऑपरेशन मोठे आणि जोखमीचे. मणक्याचा पुढचा भाग काढावा लागला तर छातीतून किंवा पोटातून जावे लागते आणि त्या जागी हाडाचा तुकडा किंवा टायटॅनियमचा पिंजरा बसवतात.

रक्तपुरवठा बंद करणे. अॅन्युरिझमल सिस्टमध्ये किंवा रक्ताळ गाठींत ऑपरेशनच्या १ ते २ दिवस आधी जांघेतल्या किंवा हातातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. त्यामुळे ऑपरेशनमध्ये रक्त कमी जाते. काही अॅन्युरिझमल सिस्ट हाच उपचार पुन्हा पुन्हा करून, ऑपरेशनशिवायही भरतात.

इंजेक्शन. जायंट सेल ट्यूमरमध्ये, आणि निवडक अॅन्युरिझमल सिस्टमध्ये, डेनोसुमॅब नावाचे इंजेक्शन देतात. गाठ घट्ट होते, दाब कमी होतो. वाढत्या मुलांत हे औषध बंद केल्यावर रक्तातले कॅल्शियम अचानक वाढू शकते, म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

रेडिएशन साध्या गाठींसाठी तरुण वयात शक्यतो टाळतात, कारण पुढे अनेक वर्षांनी त्या जागी कॅन्सर होण्याचा थोडा धोका असतो.

ऑपरेशनच्या दिवशी काय होते?

मुलाला पूर्ण भूल देतात आणि बहुधा पालथे झोपवतात. भुलेआधी किती तास उपाशी ठेवायचे हे भूलतज्ज्ञ सांगतात. "थोडा चहा तरी" म्हणून तो नियम मोडू नका. क्ष-किरणांच्या यंत्रावर नेमका मणका आधी निश्चित करतात. अनेक ठिकाणी हातापायांना तारा लावून मज्जारज्जूचे संदेश ऑपरेशनभर तपासतात, म्हणजे नस ताणली जात असेल तर सर्जनला लगेच कळते.

"स्क्रू आणि पट्ट्या कशाला?" असे बरेच पालक विचारतात. गाठ काढताना मणक्याची कमान किंवा सांधा काढावा लागला तर कण्याचा आधार कमी होतो. वाढत्या मुलात असा कणा पुढे पुढे वाकून पोक येऊ शकतो. तो आधार परत देण्यासाठी टायटॅनियमचे स्क्रू आणि दांड्या बसवतात, सोबत हाडाचा चुरा भरतात. लहान गाठीत थोडेच हाड काढले असेल तर स्क्रू लागत नाहीत. टायटॅनियम असले तरी पुढे एमआरआय करता येतो, फक्त त्या जागेचे चित्र थोडे अस्पष्ट येते.

धोके कोणते? रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र पडून पाणी गळणे, नसेला इजा होऊन हात किंवा पाय कमजोर होणे, स्क्रू सैल होणे, गाठ परत येणे आणि पुढे पाठ वाकणे. मानेतल्या गाठीत मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचीही काळजी घ्यावी लागते. अर्धांगवायूची भीती सगळ्यांनाच असते. लहान, मागच्या कमानीतल्या गाठीत हा धोका कमी आहे. मोठ्या, मज्जारज्जूला वेढणाऱ्या गाठीत तो जास्त असतो. पण अशी गाठ तशीच ठेवण्याचा धोकाही मोठा असतो. दोन्ही बाजू सर्जनकडून समजून घ्या आणि मगच सही करा.

सर्जनला विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या. समोर गेल्यावर आठवत नाहीत.

- गाठीचे नाव काय? निदान पक्के आहे की संशय?
- ऑपरेशन न केल्यास काय होईल? किती दिवस थांबता येईल?
- सुईने जाळण्याचा मार्ग आमच्या मुलाला चालेल का?
- रक्तपुरवठा आधी बंद करावा लागेल का? रक्ताच्या किती पिशव्या लागतील?
- स्क्रू बसवणार का? उंचीवर परिणाम होईल का?
- अशा गाठींची ऑपरेशन्स इथे नेहमी होतात का?
- गाठ परत आली तर पुढे काय?

परभणीहून कुठे जायचे?

पहिली तपासणी, एक्स-रे, रक्त तपासण्या जिल्ह्यातच होतात. सीटी आणि एमआरआयही परभणी शहरात करता येतात. पुढच्या तपासासाठी नांदेडच्या विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी ही जवळची मोठी सरकारी रुग्णालये आहेत. गाठ गुंतागुंतीची असेल तर मुंबईची केईएम, जेजे, टाटा मेमोरियल किंवा पुण्याचे ससून यांपैकी कुठे पाठवायचे ते तिथले डॉक्टर ठरवतील.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. "टाटाला पाठवले म्हणजे कॅन्सरच" असा समज गावोगावी पक्का आहे. एका कुटुंबाने एवढ्यासाठीच चिठ्ठी फाडून टाकलेली मी पाहिली आहे. टाटामध्ये हाडांच्या गाठींचा वेगळा विभाग आहे आणि तिथे साध्या गाठींचेही उपचार होतात. हाडाची गाठ ओळखणारे अनुभवी पॅथॉलॉजिस्ट मिळणे हाच मोठा फायदा असतो. नातेवाइकांना कारण सांगायचे तर "हाडाची साधी गाठ आहे, तज्ज्ञांना दाखवायची आहे" एवढे पुरे. तिथे उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या लोकांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे आधार देत आली आहे. राहण्याच्या सोयीबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी करा.

खर्च. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. दोन्हींवर मुलाचे नाव सारखे आहे ना, हे घरूनच तपासा. नावातल्या फरकामुळे मंजुरी अडकते. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मूल १८ वर्षांखालचे असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही चौकशी करा, हे पथक शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला येते. शेत गहाण टाकण्याआधी या तीन ठिकाणी जाऊन या.

घरी परतल्यावर

- बहुतेक मुलांना एक ते तीन दिवसांत उठवून चालवतात. अंथरुणात कूस बदलताना खांदे आणि कंबर एकत्र वळवा, ओंडका फिरवतो तसे.
- टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. जखम कोरडी ठेवा. हळद, तेल, राख काहीही लावू नका.
- ताप, जखमेतून पू किंवा स्वच्छ पाणी येणे, नव्याने आलेली कमजोरी किंवा लघवीची तक्रार असेल तर त्याच दिवशी दाखवा.
- पट्टा दिला असेल तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत वापरा.
- शाळा बहुधा चार ते सहा आठवड्यांत सुरू होते. दप्तर हलके ठेवा. धावणे, कबड्डी, सायकल, पोती उचलणे यांना सर्जनच्या परवानगीशिवाय सुरुवात नको. स्क्रू बसवले असतील तर याला सहा महिने किंवा अधिक लागू शकतात.
- फिजिओथेरपीचे व्यायाम रोज करा. मालिश आणि चोळणे पूर्ण बंद.
- काढलेल्या गाठीचा अंतिम बायोप्सी रिपोर्ट जरूर घ्या. सुट्टी मिळताना तो तयार नसतो आणि पुष्कळ लोक तो घ्यायला जातच नाहीत. पुढचे सगळे त्यावर ठरते.

पुन्हा तपासणी का? परत येणाऱ्या बहुतेक गाठी पहिल्या दोन वर्षांत परत येतात. म्हणून या काळात दर काही महिन्यांनी तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे किंवा एमआरआय करतात. पुढे मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा पाठ तपासून घ्यावी. दुखणे थांबले म्हणून तारीख चुकवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही गाठ मार लागल्याने होते का? नाही. मार लागल्यावर दुखणे लक्षात येते, एवढेच. पोती उचलायला लावली म्हणून वडिलांनी, किंवा खेळू दिले म्हणून आईने स्वतःला दोष देऊ नये.

आनुवंशिक आहे का? बहुतेक नाही. अनेक हाडांवर ऑस्टिओकाँड्रोमा असतील तर तो प्रकार घराण्यात चालू शकतो. तेव्हा भावंडांनाही तपासावे.

पथ्य किंवा काढ्याने गाठ विरघळते का? नाही. सकस आहार जखम भरायला मदत करतो, गाठ घालवत नाही.

मुलीच्या लग्नात, बाळंतपणात अडचण येईल का? कमरेच्या वरच्या साध्या गाठीचे ऑपरेशन होऊन कणा स्थिर असेल तर सहसा नाही. त्रिकास्थीच्या मोठ्या ऑपरेशननंतर मात्र सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांचा सल्ला घ्या. बाळंतपणाच्या वेळी स्क्रूंची माहिती भूलतज्ज्ञाला आधी द्या.

पोलीस किंवा सैन्य भरती? कण्यात धातू असेल तर वैद्यकीय तपासणीत अडचण येऊ शकते. मुलाची ती तयारी चालू असेल तर ऑपरेशनआधीच सर्जनशी मोकळेपणाने बोला. पण भरतीसाठी गरजेचे ऑपरेशन पुढे ढकलू नका. पाय गमावून भरती होत नाही.

थोडक्यात

रात्री उठवणारी पाठदुखी आणि वाकत चाललेली पाठ यांना उसण समजून महिने घालवू नका. गाठ निघाली तर तिचे नाव पक्के करा, कारण काही गाठींना फक्त लक्ष ठेवणे पुरते, काहींना सुई आणि काहींना मोठे ऑपरेशन लागते. हातापायांची ताकद किंवा लघवीचा ताबा जात असेल तर तासाचाही उशीर करू नका. आणि आज घरी एक सोपी गोष्ट करा: मुलाचा शर्ट काढा, पाय जुळवून त्याला पुढे वाकायला सांगा आणि मागे उभे राहून पाठ पाहा. एक बाजू उंच दिसली, किंवा त्याला दुखल्यामुळे वाकता आले नाही, तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या उपचाराचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.